खोट्या प्रचाराला उत्तर: इन्कार, कायदा आणि वेळेचे गणित

निवडणुकीतला खोटा आरोप बहुधा शेवटच्या दिवसांत येतो, म्हणजे खुलासा मतदारांपर्यंत पोहोचायला वेळच उरत नाही. ही चाल फार जुनी आहे. २० ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'ट्रुथ' या दैनिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स गारफिल्ड यांच्या नावावर एक पत्र छापले. स्वस्त चिनी मजुरांच्या बाजूचा त्यात सूर होता, आणि मतदान होते २ नोव्हेंबरला. गारफिल्ड लगेच बोलले नाहीत. आपल्या कार्यालयातून असे काही गेले होते का, याची त्यांनी आधी खातरजमा करून घेतली. मग इन्कारासोबत स्वतःच्या हस्ताक्षरातला मजकूरही प्रसिद्धीला दिला, त्यामुळे कोणालाही दोन्ही अक्षरे ताडून पाहता आली. पत्र बनावट निघाले. गारफिल्ड जिंकले, पण कॅलिफोर्निया अगदी थोडक्यात हातचे गेले.

कायद्याची वाट यानंतरची. ब्रिटनने १८९५ मध्ये उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान करणे बेकायदा ठरवले. १९२० मध्ये भारतीय दंडसंहितेतही अशा विधानासाठी दंडाची तरतूद आली. दोन्हीकडे विधान वस्तुस्थितीचे असावे लागते. 'हा उमेदवार निष्क्रिय आहे' हे मत झाले. 'याने ठेकेदाराकडून पैसे घेतले' हे तपासता येणारे विधान. इथेच बहुतेक तक्रारी गळतात, कारण तक्रारदार बोचऱ्या टीकेलाच बदनामी समजून बसतो.

शिवाय न्यायालयाचा निकाल मतदानाआधी क्वचितच लागतो. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातली मे २०१४ ची महापौरपदाची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये रद्द झाली. प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने हे त्यामागच्या अनेक कारणांपैकी एक. निकाल योग्यच होता, पण मधले जवळपास वर्ष गेले ते गेलेच. म्हणून तक्रार जरूर करावी, मात्र त्याच दिवशीचे उत्तर तिच्यावर टांगून ठेवू नये.

उत्तर फसते ते मथळ्यात. एखादे विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे १९७७ च्या प्रयोगातून दिसले होते. 'मी रस्त्याचा निधी खाल्ला नाही' असे ठळक छापले, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात 'निधी खाल्ला' एवढेच उरते. त्याऐवजी पहिली ओळ अशी: 'रस्त्याचा पूर्ण खर्च लेखापरीक्षण अहवालात नोंदलेला आहे.' त्याखाली अहवालाच्या त्या पानाचा फोटो, मग आरोपाचा एकदाच उल्लेख, आणि शेवटी पुन्हा खरी माहिती. आरोपातला एखादा तपशील खरा असेल तर तो आधी मान्य करावा. सरसकट इन्कार केला आणि तेवढा तपशील उघड झाला, की बाकीच्या खऱ्या खुलाशावरचाही विश्वास उडतो.

त्याआधी पुरावा हाती हवा. मूळ पत्रक मुद्रकाच्या नावासह जपावे. पोस्ट असेल तर तारीख, वेळ, खाते आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. पोस्ट पुसली गेल्यावर हेच हाती राहते. आरोप एखाद्या छोट्या ग्रुपच्या बाहेर गेला नसेल तर तिथेच उत्तर द्यावे. त्यावर जाहीर सभेत बोललात, तर ज्यांनी तो ऐकलाच नव्हता त्यांच्यापर्यंतही तो तुमच्याच तोंडून पोहोचतो.