पावडर कोटिंग ऑपरेटर (बडोदे)

धातूच्या वस्तूवर रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने चिकटवायची आणि मग भट्टीत वितळवून तिचा अखंड थर करायचा, याला पावडर कोटिंग म्हणतात. हे काम करणारा तो पावडर कोटिंग ऑपरेटर. कारखान्यात एवढे लांब नाव कोणी घेत नाही. जॉबला, म्हणजे रंगवायच्या वस्तूला, ‘पावडर मारतात’. बडोद्याला या कामाची वाण नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आणि आसपास ट्रान्स्फॉर्मर, स्विचगिअर, कंट्रोल पॅनेल अशी विजेची यंत्रसामग्री बनते, आणि पत्र्याची पेटी आली की रंग आलाच. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात रंगकाम शिकवले जाई, पण ते सुताकापडाचे, ओले. इथे थेंबभरही द्रावक नसतो.

१९५०च्या दशकात पश्चिम जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू हवेने उसळत्या भुकटीत बुडवण्याची रीत काढली. भुकटीला विजेचा भार देऊन ती फवारणारी गन १९६०च्या दशकात आली. आज बहुतेक ठिकाणी तीच दिसते.

पाहणाऱ्याला वाटते, कसब गनमध्ये आहे. प्रत्यक्षात निम्मे काम टाक्यांपाशीच ठरते. लोखंडी जॉब तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून फॉस्फेटचा पातळ थर देणे) आणि पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणे) यांतून जातो, मधे पाण्याने धुतला जातो. यालाच ‘सेव्हन टँक’ म्हणतात. तेलाचा एक डाग राहिला तर भट्टीतून आल्यावर तिथे खड्डा पडतो, आणि आरडाओरडा मात्र गन धरणाऱ्यावर होतो. पावसाळ्यात धुतलेला पत्रा लगेच वाळवला नाही तर त्यावर तांबूस गंज धरतो. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आले की गन थुंकायला लागते.

गनच्या टोकाशी साधारण ६० ते १०० किलोव्होल्ट दाब असतो, प्रवाह मात्र अगदी थोडा. भारित कण अर्थिंग मिळालेल्या जॉबकडे ओढले जातात. म्हणून हूक स्वच्छ हवा. आधीच्या फेऱ्यांचा रंग बसून हूक जाड झाला की अर्थिंग तुटते आणि पावडर जॉबवर न बसता खाली झडते. हूक घासायला कोणालाच आवडत नाही.

खरी परीक्षा कोपऱ्याची. पेटीच्या आतल्या कोनात विजेचे क्षेत्र शिरत नाही, भुकटी कडेलाच अडते. याला फॅरडे केज म्हणतात. नवखा मुलगा तिथे गन जवळ नेतो, व्होल्टेज वाढवतो आणि कडेवर ढीग करतो. मुरलेला माणूस उलट करतो: व्होल्टेज कमी, हवा कमी, कोपरा आधी आणि सपाट भाग नंतर. नेहमीच्या कामाला ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर पुरतो. फार जाड मारला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

भट्टीत पावडरच्या जातीप्रमाणे साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटे लागतात. ही मिनिटे पत्रा त्या तापमानाला आल्यापासून मोजायची, हवा तापल्यापासून नव्हे. जाड जॉब कच्चे राहतात ते यामुळेच. कच्चा थर वाकवला की तडकतो. एपॉक्सी जातीची पावडर उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते, म्हणून बाहेरच्या पेट्यांना पॉलिएस्टर जातीची. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पावडरच्या खोक्यांत गाठी होतात.

शेड, म्हणजे रंगाची छटा, बदलणे हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग. पांढऱ्यानंतर काळी घ्यायची तर बूथ (पावडर मारायची खोली), नळी, हॉपर (पावडरचा डबा), फिल्टर सगळे साफ. नाहीतर काळ्या पॅनेलवर पांढरे ठिपके उठतात.

हवेत दाट पसरलेली ही भुकटी ठिणगी पडली की पेटते, स्फोटही होतो, म्हणून बूथमधली हवा ओढणारा पंखा चालूच असावा लागतो. ऑपरेटरलाही अर्थिंग लागते: अँटिस्टॅटिक बूट, आणि तळवा कापलेला हातमोजा, म्हणजे उघडी कातडी गनच्या मुठीला टेकते. खिशात किल्ल्या राहिल्या तर चटका बसतो. मास्क न लावणाऱ्याने पाळी संपल्यावर नाक शिंकरले की रुमालावर दिवसभर कोणती शेड चालली ते दिसते.