पार्श्वभूमी : विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आणि त्यातलं 'झेड'

१९५१ मध्ये ब्रिटनमधल्या चहाघरं चालवणाऱ्या एका कंपनीने बेकरीच्या हिशेबासाठी प्रोग्राम लिहिले आणि ते चालवायला संगणकही स्वतःच बांधला. तयार मिळण्यासारखं काही नव्हतंच. १९६९ मध्ये मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संगणकांच्या, सर्वांत मोठ्या उत्पादकाने काही सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायचं जाहीर केलं, आणि 'बनवायचं की घ्यायचं' हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

गुंता झाला तो नव्वदच्या दशकात. १९९२ मध्ये जर्मन बनावटीचं आर/३ आलं : कंपनीचे हिशेब आणि इतर व्यवहार सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर, म्हणजेच पॅकेज. त्यातच वाय-टू-के, म्हणजे २००० साल, जवळ येत होतं आणि दोन आकड्यांत ते '००' होऊन हिशेब चुकणार होते. दोन आकडी वर्ष धरून कोबोल या भाषेत लिहिलेले जुने प्रोग्राम दुरुस्त करत बसण्यापेक्षा पॅकेज घेऊन टाका, असं अनेकांनी ठरवलं. कागदोपत्री 'खरेदी' झाली. बनवणं मात्र थांबलं नाही.

इथे एका शब्दाने फार घोळ घातला आहे. एरवी कॉन्फिगरेशन म्हणजे पॅकेजमधले पर्याय निवडणं आणि कस्टमायझेशन म्हणजे कोड लिहिणं. पण आर/३ मध्ये पर्याय निवडण्यालाच 'कस्टमायझिंग' म्हणतात. त्यामुळे एकाच बैठकीत सल्लागार सेटिंगबद्दल बोलतो आणि लेखा विभागाला नवा प्रोग्राम ऐकू येतो. ग्राहकाने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव झेड किंवा वाय अक्षराने सुरू करायचं, म्हणजे अपग्रेडमध्ये तो पुसला जात नाही. मूळ कोडलाच हात लावला असेल, तर दर अपग्रेडला त्या बदलांची यादी समोर येते आणि एकेक ओळ पाहून ठरवावं लागतं: आपलं ठेवायचं की त्यांचं घ्यायचं? हा खर्च खरेदीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

म्हणूनच एप्रिल २०२१ चा निर्णय मला खरेदीच्या कुठल्याही चर्चेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय लेखामानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने स्पष्ट केलं की क्लाउड सॉफ्टवेअर (विक्रेत्याच्या सर्व्हरवर चालणारं) आपल्यासाठी जुळवून घेण्याचा खर्च बहुतेक वेळा मालमत्ता म्हणून दाखवता येणार नाही. ज्यावर आपला ताबा आहे असा वेगळा कोड तयार झाला असेल, तरच तो अपवाद. वर्षानुवर्षं मालमत्तेत धरलेला अंमलबजावणीचा खर्च अनेक कंपन्यांना मागे जाऊन नफ्यातून वजा करावा लागला. प्रकल्प मंजूर करून घेणं अवघड होईल, ही तक्रार तेव्हा जोरात होती आणि ती खोटीही नव्हती. तरी निर्णय योग्यच होता. विक्रेत्याच्या सर्व्हरवरच्या त्याच्याच प्रोग्राममध्ये बसवलेल्या आपल्या सेटिंग्ज आपल्या मालकीच्या कशा?

आता विक्रेतेच सांगतात, गाभा स्वच्छ ठेवा, आपला कोड बाजूला लिहून एपीआयने, म्हणजे दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या ठरावीक दुव्याने, जोडा. नव्या आवृत्तीकडे जाताना पहिलं काम असतं ते झेड प्रोग्रामांच्या मोजणीचं. त्यातले बरेचसे कित्येक वर्षांत कोणी चालवलेलेच नसतात. उरलेल्यांपैकी प्रत्येकासाठी 'बनवायचं की घ्यायचं' हा तोच जुना प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.