जुन्या पुलांची सुधारणा आणि लोकसहभाग (मराठवाडा)

शहरातला जुना पूल, त्याचे दोन्हीकडचे पोचमार्ग आणि त्यांना येऊन मिळणारे चौक दुरुस्त वा रुंद करताना, किंवा तिथे नवा पूल बांधताना, आसपासचे रहिवासी, दुकानदार, हातगाडीवाले आणि रोज ये-जा करणारे यांना आराखडा पक्का होण्याआधी नियोजनात सामील करून घेण्याची पद्धत. विचार एकट्या पुलाचा नसतो, सगळ्या पट्ट्याचा असतो. पूल रुंद झाला आणि पुढचा चौक तसाच राहिला, तर कोंडी दोनशे पावलं पुढे सरकते, एवढंच.

मराठवाड्यात याची गरज सर्वांत ठळक दिसते ती छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचं औरंगाबाद). मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे याच शहराला, पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी मिळाली. शहराच्या पश्चिम अंगाने खाम नदी वाहते. ती ओलांडून जुन्या शहरात शिरणाऱ्या वाटांवर मकाई, महेमूद आणि बारापुल्ला हे दरवाजे आहेत आणि त्यांना जोडूनच दगडी कमानींचे पूल. मकाईतून वाट बेगमपुरा, बीबी का मकबरा आणि विद्यापीठाकडे जाते. महेमूद दरवाजा पाणचक्कीला खेटून आहे, घाटी रुग्णालयही जवळच. बारापुल्ला छावणीच्या बाजूला. घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्या हिशेबाने बांधलेल्या या वाटांवर आज रिक्षा, दुचाक्या आणि रुग्णवाहिकांची गर्दी असते. दरवाजाच्या तोंडाशी समोरून मोठी गाडी आली की इकडच्यांनी थांबायचं, हा इथला न लिहिलेला नियम.

इथे पूल आणि दरवाजा वेगळे काढता येत नाहीत. दरवाजा ऐतिहासिक वास्तू असल्याने तो रुंद करणं शक्य नाही. म्हणून समांतर पुलाची मागणी होत आली. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो : कोणत्या बाजूने? एका बाजूला घरं असतात, दुसरीकडे झाडं, दुकानं, एखादं प्रार्थनास्थळ. हे गणित कार्यालयातल्या नकाशावर सुटल्यासारखं दिसतं आणि जागेवर अडतं.

लोकांना विचारण्याची कायदेशीर चौकट तशी आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभेचीही, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेचीही, तरतूद केली. विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवणं १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने बंधनकारक आहे. खासगी जागा घ्यायची तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत असं ठरवलं. पण निव्वळ दुरुस्तीचं काम या सगळ्यातून सहज निसटतं. नवी जागा लागत नाही, त्यामुळे सुनावणीही लागत नाही. निविदा निघते, आणि ‘पूल वाहतुकीसाठी बंद’ हा फलक हीच प्रशासनाची लोकांशी पहिली भेट ठरते. त्यात औरंगाबाद महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपल्यावर कित्येक वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. दारात उभं राहून जाब विचारावा असा नगरसेवकच नव्हता.

गावाकडे मात्र ही रीत नवी नाही. जलयुक्त शिवारसारख्या कामांत आधी शिवारफेरी निघते. तलाठी, कृषी सहायक आणि शेतकरी मिळून बांधाबांधाने फिरतात, पाणी कुठून येतं नि कुठे मुरतं ते पाहतात, मग कामं ठरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करून घेतलं. पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले, अभियंत्यांचा सल्ला मिळाला, आणि गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून दोन्हीकडच्यांना जोडत राहिल्या. शहरातल्या पुलावर अशी फेरी निघत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

निघाली तर काय सापडतं? साधा कठडाच घ्या. डांबराचा थर खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवत गेलं की रस्ता उंच होतो आणि कठडा बुटका. पुलाशेजारी जन्म गेलेला म्हातारा हात छातीशी नेऊन सांगतो, ‘आमच्या लहानपणी इथवर होता’. आता तो गुडघ्याच्या वर जेमतेम येतो. यात दोन गोष्टी कळतात. कठडा तोल सावरायला पुरेसा राहिला नाही, आणि कमानीवर इतक्या वर्षांचं जादा वजन बसलंय. पाण्याचंही तसंच. कोणत्या पुरात पाणी कोणाच्या ओट्याच्या कितव्या पायरीला लागलं, हे वस्तीला पाठ असतं. मोजणी यंत्रणा नसलेल्या छोट्या नदीवर पूररेषेचा तोच पहिला पुरावा. कमानीच्या सांध्यात पिंपळ कधी रुजला, रात्री कोणता दिवा बंद असतो, शाळा सुटताना पोरं कुठून पळत रस्ता ओलांडतात, हे एका दिवसाच्या वाहन मोजणीत येत नाही.

सगळंच मात्र मतदानावर सोडता येत नाही. पूल किती भार पेलेल, पाया खरवडला गेलाय का, जड वाहनं बंद करावीत का, याचा निर्णय संरचना परीक्षणाचाच, म्हणजे पुलाच्या मजबुतीच्या तांत्रिक तपासणीचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा त्यावरून एसटी बस जात होत्या. अशा ठिकाणी ‘लोकांचा विरोध आहे’ म्हणून बंदी टाळणं हा सहभाग नव्हे. लोकांना विचारायचं ते बंदीच्या काळातल्या पर्यायी वाटेबद्दल, कामाच्या टप्प्यांबद्दल, पदपथाबद्दल, चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराबद्दल, विक्रेत्यांच्या जागेबद्दल.

विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. वृत्तपत्राच्या आतल्या पानावरची बारीक टायपातली सूचना कोणी वाचत नाही, आणि कार्यालयाच्या भिंतीवरचा नकाशा बहुतेकांना लागत नाही. त्यापेक्षा नव्या पुलाची कड रस्त्यावरच फक्कीने आखून द्यावी. रेघ आपल्या ओट्याच्या अलीकडून गेली की पलीकडून, हे बघायला अख्खी गल्ली बाहेर येते.