शेतजमिनीचं मृत्युपत्र: लिहिण्याआधी सातबारा नीट वाचा

‘माझी सर्व जमीन धाकट्याला’ अशी एका ओळीची मृत्युपत्रं खूप होतात. भांडण लागतं ते ‘माझी’ या शब्दावरून.

हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ३० प्रमाणे स्वकष्टार्जित जमिनीचं मृत्युपत्र पूर्णपणे करता येतं. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त आपल्या हिश्श्यापुरतं. समजा, आठ एकर वडिलोपार्जित आहे आणि घरात नवरा-बायको, एक मुलगा, एक मुलगी. २००५ च्या दुरुस्तीमुळे मुलीचा हक्क जन्मापासून, लग्न झालेलं असो वा नसो. वाटप धरलं तर आपल्याकडे बायकोलाही मुलाइतका वाटा. म्हणजे बापाच्या हातात दोनच एकर उरतात आणि मृत्युपत्र तेवढ्याचंच चालतं.

उलटही होतं. वडिलांनी स्वतः खरेदी केलेली जमीन १९५६ नंतर त्यांच्या पश्चात वारसाने तुमच्या वाट्याला आली असेल, तर ती तुमची स्वतंत्र मिळकत. मुलांचा त्यात जन्मतः हक्क नाही. नुसत्या सातबाऱ्यावरून हा फरक कळत नाही. जुने फेरफार काढा, खरेदीखत शोधा. वकिलाकडे जाण्याआधी हे केलंत तर निम्मं काम झालं.

आता सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग बघा (वर्ग-२ म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली जमीन), मग ‘इतर अधिकार’ रकाना. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असला तर थांबा. म्हणजे कुळाला मिळालेली ही जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. अशी जमीन मृत्युपत्राने परक्याला देणं हेही बंदी असलेलं हस्तांतरच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात ठरवलं. १९४८ चा मूळ कूळ कायदा गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांचा एकच. बिगरशेतकऱ्याच्या नावे लिहिलं तर त्याच कायद्याचं कलम ६३ (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावर बंदी) आडवं येतं. कुळाला मिळालेल्या खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमीन महसुलाच्या) चाळीस पट नजराणा भरून कलम ४३ ची अट काढता येते. ते आधी उरकून घ्या. विदर्भ आणि मराठवाड्याचे कूळ कायदे वेगळे आहेत, तिथली कलमं तिथे तपासा. घेणाऱ्याची एकूण जमीन कमाल धारणेच्या (कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या) आत हवी. जिरायतीला ती ५४ एकर आहे.

लिहिताना गट नंबर, क्षेत्र, आकार सातबाऱ्यावरून जसाच्या तसा उतरवा. दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण आणि जमिनीत काही न मिळणारे निवडा, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच, आणि वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडा.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपले तलाठी) किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर नोंदीसाठी अर्ज करायचा. सोबत मृत्यू दाखला, मृत्युपत्राची प्रत, सातबारा, आठ-अ, आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते. मुलींची नावं गाळू नका. नोटीस न मिळालेली बहीण पुढे अपिलात आली की नोंद अडकते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कोणी आलं नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं, आणि मृत्युपत्र खरं की खोटं हे शेवटी दिवाणी न्यायालयच ठरवतं.