क्लोराइड पेशी

माशाच्या कल्ल्यांमधल्या, अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशींना क्लोराइड पेशी म्हणतात. हल्ली आयोनोसाइट हे नाव जास्त दिसतं, पण जुनं नाव काही गेलेलं नाही. गोव्यात बसून हा विषय समजून घ्यायचा तर बाजारातला बांगडा पुरे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात तो जन्म काढतो, तरी त्याच्या हुमणात (कालवणात) वरून मीठ घालावंच लागतं, कारण त्याच्या रक्ताचा खारेपणा समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश असतो.

म्हणजे होतं असं, की बाहेरचं खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेत असतं आणि समुद्रात राहूनही मासा तहानलेलाच राहतो, मग तो चक्क समुद्र पितो. हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथनी १९३० मध्ये दाखवलं, पाण्यात फिनॉल रेड नावाचा रंग मिसळून, तो माशाच्या आतड्यात साठलेला सापडला. पण पाण्याबरोबर मीठही आत येतं, आणि माशाचं मूत्रपिंड रक्तापेक्षा खारट लघवी करू शकत नाही, ते मॅग्नेशियम आणि सल्फेट तेवढं काढतं. मग साधं मीठ जातं कुठून?

उत्तर शोधलं अँसेल कीजनी, कोपनहेगनला आउगुस्ट क्रोग यांच्या प्रयोगशाळेत. (हेच ते कीज, पुढे चरबीयुक्त आहार आणि हृदयरोगावरून गाजलेले, माशांचं काम मात्र लोक विसरले.) त्यांनी ईलचं हृदय आणि कल्ले एकत्र घेऊन त्यातून द्रव फिरवत ठेवला आणि १९३१ मध्ये दाखवलं की क्लोराइड (मिठातला एक घटक, दुसरा सोडियम) आतून बाहेरच्या जास्त खाऱ्या पाण्यात जातं, म्हणजे उतारावरून नाही, चढावर! पुढच्या वर्षी विल्मरबरोबर त्यांनी कल्ल्यातल्या ठराविक पेशींवर बोट ठेवलं. पण या पेशीच हे काम करतात याचा पक्का पुरावा यायला १९८२ उजाडलं, फॉस्केट आणि शेफी यांनी तिलापिया माशाच्या कल्ल्याच्या झाकणाखालच्या पातळ पडद्यावर, एकेका पेशीवरचा विद्युतप्रवाह मोजून तो दिला.

चढावर ढकलायला ऊर्जा लागते, म्हणून या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांनी, गच्च भरलेल्या असतात. सगळी मेहनत सोडियम-पोटॅशियम पंपाची, जो येन्स स्कोऊ यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या पायाच्या नसांत सापडला (१९९७ चं रसायनशास्त्राचं नोबेल, कुर्ल्यांचं नाव कोणी घेत नाही). पंप सोडियम पेशीबाहेर काढत राहतो, त्या जोरावर रक्तातलं क्लोराइड पेशीत शिरतं आणि दुसऱ्या बाजूच्या दारातून समुद्रात पडतं, सोडियम मागोमाग पेशींमधल्या फटीतून निघून जातं.

गोड्या पाण्यात सगळं उलटं. पाणी आत घुसतं, मीठ निसटतं, म्हणून मासा पाणी जवळजवळ पीत नाही, पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांनी मीठ आत खेचतो. मांडवी-झुवारीत दोन्ही गोष्टी एकाच माशाला कराव्या लागतात, मे महिन्यात पणजीजवळचं पाणी जवळपास समुद्राइतकं खारं आणि जुलैत वरचा थर गोडा. खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाडीकाठी केलेल्या शेतीत, तर मानशीच्या (बांधातल्या झडपेच्या) दारातून भरतीला खारं पाणी आत घेतात, पावसात मीठ धुऊन कोरगुट हा खारेपणा सोसणारा भात लावतात, आणि पोंयीतले (झडपेजवळच्या तळ्यातले) शेवटे, काळुंदर, चणक हे मासे हे सगळं सोसतात. चणक अंडी घालायला नदीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात जातो, पिल्लं खाडीत वर येतात.

हा बदल हॉर्मोन घडवतात. कॉर्टिसॉल खाऱ्या पाण्याची तयारी करून घेतं, प्रोलॅक्टिन गोड्याची. प्रोलॅक्टिन बनवणारी पिट्युटरी ग्रंथी काढलेला किलीफिश नावाचा छोटा मासा गोड्या पाण्यात प्रोलॅक्टिनवर जगतो हे ग्रेस पिकफर्ड आणि फिलिप्स यांनी १९५९ मध्ये दाखवलं. नव्या पेशी तयार व्हायला काही दिवस लागतात, म्हणून चणकाचं बी (पिल्लं) तळ्यात सोडताना खारेपणा हळूहळू बदलतात. एकदम बदलला तर मासे मरू शकतात.

मोरीची, म्हणजे शार्कची, गोष्ट वेगळी, ती रक्तात युरिया साठवून समुद्राशी बरोबरी करते, त्यामुळे पाणी ओढलं जायचा प्रश्नच नाही, आणि जादा मीठ गुदाशयाला जोडलेल्या ग्रंथीतून काढते. शिळी झाली की बॅक्टेरिया त्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून मोरीला तो वास येतो.