सहावा एलईडी लावू नका

गाडीचा मागचा दिवा घरी बनवायला नागपूरच्या बर्डी बाजारातून लाल एलईडीची पुडी आणली की पहिलं गणित जो तो एकच करतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, लाल एलईडीला लागतात साधारण २ व्होल्ट. मग सहा एलईडी एका माळेत जोडले की झालं, प्रवाह आवरणाऱ्या रेझिस्टरची भानगडच नको! मीही तेच केलं होतं. इंजिन बंद असताना माळ छान दिसली. इंजिन सुरू केल्यावर डोळ्यांत खुपू लागली, आणि महिन्याभरात दोन माळा गेल्या.

गफलत त्या १२ मध्येच आहे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिनावर चालून बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरू लागला की आकडा १४ च्या वर जातो. जुन्या बल्बला हे सोसतं, कारण तापल्यावर त्याच्या तारेचा रोध वाढतो आणि प्रवाह आपसूक आवरतो. एलईडीचं उलटं. २ व्होल्टच्या बऱ्याच अलीकडे तो जवळपास मुका असतो. पुढे व्होल्टेज जरासं वाढलं तरी प्रवाह झपाट्याने चढतो. वर तो जितका तापेल तितकं त्याला कमी व्होल्टेज पुरतं, म्हणजे प्रवाह आणखी वाढतो.

म्हणून माळेत चारच एलईडी आणि सोबत ३३० ओहमचा रेझिस्टर. १२.६ व्होल्टला प्रवाह १४ मिलिअँपिअर, १४.४ ला १९. सहांच्या माळेला १२० ओहम लावला तर हाच प्रवाह ५ वरून थेट २० वर उडी मारतो.

टेल (रात्रभर मंद जळणारा मागचा दिवा) आणि ब्रेकचा दिवा एकाच माळेवर हवे असतील तर टेलच्या वायरला मोठा रेझिस्टर, साधारण २.२ किलोओहमचा, आणि दोन्ही वायरींना एकेक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. नाहीतर ब्रेक दाबल्यावर वीज उलटी शिरून पार्किंगचे दिवे मिणमिणतात. डायोड स्वतः ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे प्रवाह थोडा उतरतो. नागपुरात ते फायद्याचंच, कारण कमी प्रवाहात एलईडी कमी तापतो. मेअखेरच्या नवतपात पारा ४५ च्या आसपास असतो, बंद दिव्याच्या आत त्याहून जास्त, आणि लाल एलईडी तापला की त्याचा उजेड चांगलाच घटतो.

एवढा खटाटोप कशासाठी? बल्बची तार पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, एलईडी जवळपास तत्क्षणी लागतो. मागची गाडी ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्यात ती तीन मीटर पुढे सरकते.

लाल काचेमागे पांढरे एलईडी मात्र नकोत. त्यांच्या उजेडात लाल भाग कमी, बाकीचा काच गिळते. रिफ्लेक्टर काढू नका, दिवे बंद असताना तोच गाडी दाखवतो. आणि मूळ दिवा जपून ठेवा, कारण गाडीत मनाने बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे.

चाचणी रात्री अंगणात घेऊ नका, तिथे काहीही झगझगीत दिसतं. दुपारी दोनच्या उन्हात, इंजिन सुरू ठेवून, मुलीला तीस पावलं मागे उभं करा. “बाबा, दाबला का ब्रेक?” असं तिने विचारलं, तर रेझिस्टर लहान करू नका, जास्त उजेडाचे एलईडी आणा.