इंडेंटेशन-शैलीची स्वयंचलित ओळख

प्रोग्रॅमच्या मूळ कोडात आतल्या ओळी उजवीकडे सरकवण्यासाठी टॅब वापरला आहे की स्पेस, आणि स्पेस असल्यास एका पातळीला किती, हे फाइलमधील मजकुरावरूनच ताडण्याची एडिटरांची (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरांची) पद्धत. व्हीएस कोड व सब्लाइम टेक्स्टमध्ये ही सोय अंगभूत असून व्हिम व ईमॅक्ससाठी ती प्लगइनद्वारे (वेगळ्या जोडायच्या पूरक प्रोग्रॅमद्वारे) मिळते.

संकेत सर्वत्र सारखे नसल्याने तिची गरज पडते. पायथॉनची पेप ८ ही मार्गदर्शिका ४ स्पेस सुचवते, लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या कोडात) ८ अक्षरे रुंदीचा टॅब चालतो आणि गो भाषेचे गोएफएमटी हे साधन टॅबच घालते. बहुतेक भाषांत इंडेंटेशन ही केवळ वाचनाची सोय असते. पायथॉनमध्ये मात्र ते व्याकरण आहे, आणि टॅब व स्पेसची संदिग्ध सरमिसळ झाल्यास पायथॉन ३ 'टॅबएरर' देऊन थांबतो. मुंबईच्या महाविद्यालयांत प्रॅक्टिकलला पायथॉन शिकणाऱ्यांना हे हमखास भेटते: मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतलेला तुकडा आणि लॅबमध्ये टाइप केलेला तुकडा पडद्यावर एका रेषेत दिसतात, तरी प्रोग्रॅम चालत नाही. डोळ्यांना न दिसणारी ही चूक शोधण्याचा भार नवख्या विद्यार्थ्यावर पडू नये, एडिटरनेच ती वेळीच दाखवावी.

टॅब ओळखणे सोपे असते. खरा प्रश्न स्पेसच्या संख्येचा. प्रत्येक ओळीआधीच्या स्पेस मोजून त्यांचा मसावि काढावा, ही पहिली सुचणारी युक्ती फार टिकत नाही. जावा किंवा जावास्क्रिप्टमधील अनेक ओळींच्या टिप्पणीत पुढील ओळींची तारका एक स्पेस आत असते; त्यामुळे ४ स्पेसच्या फाइलीतही ५ हा आकडा येतो आणि ४, ८ व ५ यांचा मसावि १ निघतो. म्हणून रिकाम्या ओळी वगळून लागोपाठच्या दोन ओळींमधला फरक मोजतात व सर्वाधिक वेळा आलेला फरक ग्राह्य धरतात. ०, ४, ८, ८, ४ अशा ओळींत फरक ४, ४, ०, ४ येतात, आणि शून्य सोडल्यास सगळी मते ४ ला पडतात. पायथॉनमध्ये दोन पातळ्या एकदम संपल्या की ८ वरून थेट ० येतो व चुकीचे मत पडते, त्यामुळे वाढत्या फरकांना अधिक वजन देणे इष्ट. कंसाखाली जुळवून लिहिलेल्या लांब ओळीही असेच विचित्र फरक निर्माण करतात. व्हीएस कोड फाइलच्या पहिल्या १०,००० ओळीच तपासतो आणि २ ते ८ एवढेच आकार विचारात घेतो.

रिकाम्या किंवा दोन-चार ओळींच्या फाइलीत पुरावाच नसल्याने एडिटर आपल्या ठरलेल्या सेटिंगवर येतो. अंधेरीच्या सीप्झमधील वा ऐरोलीतील कार्यालयांत एकच कोड वर्षानुवर्षे अनेक हातांतून जातो. तेथे ओळख चुकली आणि सेव्ह करताना एडिटरने फाइलची मांडणीही बदलली, तर गिट (कोडातील बदलांची नोंद ठेवणारे साधन) दाखवते त्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतील फरकांच्या यादीत, जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली दिसते व खरी दुरुस्ती त्यात हरवते. यासाठी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिग फाइल ठेवून शैली लेखी ठरवतात. एडिटरला ती फाइल वाचता येत असेल, तर तिच्यातील नियम अंदाजाच्या वर मानणे योग्य ठरते.